बांबूच्या अलीकडे, बांबूच्या पलीकडे

आमच्या कॅथलिक मिस्सेत रविवारची शास्त्रवाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. म्हणजे एखादा उतारा आज वाचला गेला की त्या रविवारी तो पुन्हा ऐकायला मिळतो तीन वर्षांनी. दयाळू शोमरोनीची गोष्ट अशीच दर तीन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात येते. 2019 च्या जुलैत आली होती, मग 2022 च्या, आणि त्यानंतर 13 जुलै 2025 ला.

या शेवटच्या वेळी पहिलं वाचन करायची पाळी माझ्यावर आली होती. शुभवर्तमान फादरच वाचतात, आमच्यासारख्यांच्या वाट्याला त्याआधीची वाचनं. त्या दिवशीचं पहिलं वाचन अनुवादाच्या पुस्तकातलं होतं. मोशे लोकांना सांगतो की देवाची आज्ञा काही आकाशात नाही की कुणीतरी वर चढून ती आणावी, समुद्रापलीकडे नाही की कुणी तिकडे जाऊन आणावी. ती तुमच्या अगदी जवळ आहे, तोंडात आहे, मनात आहे. वाचन झालं, जागेवर येऊन बसलो. फादरांनी शोमरोनीची गोष्ट वाचली आणि प्रवचनात समोरच्या बाकांवरच्या मुलांना विचारलं, "या गोष्टीत तुम्हाला कोण व्हायला आवडेल?"

सगळ्यांचे हात वर. शोमरोनी! शोमरोनी!

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. कारण तीस-चाळीस वर्षं मीसुद्धा तोच हात वर करत आलो होतो.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक धर्मशास्त्राचा जाणकार येशूला विचारतो, शेजाऱ्यावर प्रीती कर असं शास्त्र म्हणतं खरं, पण माझा शेजारी कोण? येशू व्याख्या सांगत बसत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला एक माणूस चालला होता. ही वाट उजाड डोंगरातून खाली उतरत जाते. यरुशलेम डोंगरावर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. वाटेत लुटारूंनी त्याला गाठलं, मारलं, कपडे काढून घेतले आणि अर्धमेला टाकून दिलं. एक याजक आला, बघून दुसऱ्या बाजूने निघून गेला. एक लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून त्याला धर्मशाळेत नेलं, रात्रभर शुश्रूषा केली. सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना मी देईन.

आता शोमरोनी म्हणजे कोण? लहानपणी मला वाटायचं की शोमरोनी म्हणजे 'चांगला माणूस'. कारण आमच्याकडे हा शब्द 'दयाळू' शिवाय कधी यायचाच नाही. प्रत्यक्षात येशूच्या श्रोत्यांच्या कानाला तो शब्द कडू लागणारा होता. दोन्ही समाज मोशेचं नियमशास्त्र मानणारे, पण यहुद्यांचं मंदिर यरुशलेमला आणि शोमरोन्यांचं पूजास्थान गरिज्जीम डोंगरावर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात यहुदी राज्यकर्त्याने गरिज्जीमवरचं मंदिर उद्ध्वस्त केलं होतं. भाऊबंदकीतलं वैर जसं असतं ना, तसं ते होतं. अनोळखी माणसाचा राग इतका टिकत नाही.

आणखी एक बाब माझ्या फार उशिरा लक्षात आली. ही गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीचाच, म्हणजे नववा अध्याय उघडून बघा. येशू आणि त्याचे शिष्य यरुशलेमला निघाले आहेत आणि वाटेत एका शोमरोनी गावाने त्यांना मुक्कामाला जागा नाकारली आहे. याकोब आणि योहान इतके खवळतात की आकाशातून आग पाडून हे गाव भस्म करू का, असं विचारतात. येशू त्यांनाच दटावतो. आणि मग एका अध्यायाच्या अंतराने, ज्या लोकांनी दार लावून घेतलं त्यांच्यातलाच एक माणूस गोष्टीचा नायक करतो! म्हणजे 'ते लोक आमच्याशी चांगले वागले तर आम्हीही वागू' हा हिशेब इथे मुळातच बाद आहे.

असो. मला सांगायचंय ते माझ्याबद्दल.

26 जुलै 2005. मुंबईकराला तारीख सांगितली की पुढचं सांगावं लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा वांद्र्याला नोकरीला होतो. गाड्या बंद पडल्या, म्हणून दुपारी चारच्या सुमारास चालत निघालो. घर वसईला. चालत वसई गाठणार नाही हे कळत होतं, पण ऑफिसात बसवतही नव्हतं. आधी घोट्याइतकं पाणी, मग गुडघ्याइतकं, अंधार पडता पडता कमरेच्या वर. दिवे गेलेले. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही ओळीने चाललो होतो. एका ठिकाणी पाय खड्ड्यात गेला आणि मी सरळ खाली. कुणीतरी शर्टाची कॉलर पकडून वर ओढलं.

तो ज्या वस्तीतला होता तिथे मला घेऊन गेला. पोटमाळ्याची खोली, खाली पाणी भरलेलं, वर नऊ माणसं. मी दहावा. उत्तर प्रदेशातलं कुटुंब होतं, आपसांत भोजपुरी बोलत होते. त्यांनी मला कोरडी लुंगी दिली, घोटभर चहा दिला, स्टोव्हवर खिचडी केली ती आधी मला वाढली. पायाला काचेचं काहीतरी लागलं होतं, त्यावर त्या घरातल्या म्हातारीने हळद दाबून चिंधी बांधली. माझ्या गळ्यातला क्रूस तिने पाहिला, काही विचारलं नाही. रात्रभर मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि झोपेत माझ्या मांडीवर त्यांच्या एका पोराचं डोकं होतं.

सकाळी निघताना पाकिटातल्या भिजलेल्या नोटा काढल्या, तर तो माणूस चक्क रागावला. मी म्हटलं, नंतर नक्की येईन भेटायला. येताना मुलांना काहीतरी आणीन.

गेलो नाही. पहिल्या महिन्यात जमलं नाही, दुसऱ्या महिन्यात विसरलो, वर्षभराने आठवलं तेव्हा ती गल्ली नेमकी कुठली हे सांगता येईना. गोष्टीतला शोमरोनी परत येतो म्हणाला होता. मीही म्हणालो होतो. फरक एवढाच की त्याने जाताना दोन दिनार ठेवले होते.

आता थोडं आमच्या वसईबद्दल.

आम्ही मूळचे इथलेच. शेती-वाडीवाले. केळी, पानवेल, फुलं. घरात बोलतो ती आमची बोली आणि शाळेत, देवळात मराठी. (हो, आमच्याकडे चर्चलाही देऊळ म्हणतात.) सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही इथेच राहिलो. जाणार कुठे? गाव तर आमचंच होतं.

1988 नंतर इथे बांधकामाला मोकळं रान मिळालं. वाड्या गेल्या, बावखलं बुजली, टँकर आमच्या विहिरींचं पाणी उपसून इमारतींना पुरवू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतर अनेकांनी हरित वसईसाठी जो लढा दिला तो आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला, त्यात आम्ही चाललोही. तो लढा खराच होता आणि योग्यच होता. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली. लोंढा म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

पण त्या लढ्याच्या कडेकडेने आणखी एक गोष्ट आमच्यात शिरली. राग होता बिल्डरवर, टँकरवाल्यावर, राजकारण्यावर. हे सगळे मोठे लोक, त्यांच्यापर्यंत हात पोहोचत नाही. मग तो राग उतरायचा रिक्षावाल्यावर, भाजीवाल्यावर, प्लास्टरच्या मजुरावर. 'बाहेरचे' हा शब्द आमच्या ओट्यावरच्या गप्पांत मिठासारखा झाला. प्रत्येक गोष्टीत चिमूटभर. गंमत अशी की त्या बाहेरच्यांनाच आम्ही चाळीतल्या खोल्या भाड्याने देत होतो आणि दर महिन्याला भाडं मोजून घेत होतो.

आणि आम्ही तरी कितीसे 'आतले'? ऑफिसात नवीन माणूस आला की माझं आडनाव ऐकून हमखास म्हणायचा, "अरे वा, मराठी छान बोलता की! मूळचे गोव्याचे का?" माझं मराठी ऐकून कौतुक करणाऱ्या त्या माणसाला काय सांगणार, की बाबा रे, माझ्या आजीला मराठीशिवाय दुसरी भाषाच येत नव्हती. दिब्रिटो फादरांची 2019 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. आणि तेव्हाच काहींनी, एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून आक्षेपही घेतले होते. तो आनंद आणि तो काटा दोन्ही लक्षात आहेत. संमेलन जानेवारी 2020 मध्ये झालं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी लॉकडाऊन लागला.

त्याआधी मिस्त्रीची ओळख करून द्यायला हवी. आमचं जुनं कौलारू घर पाडून आम्ही नवं बांधलं ते 2017-18 मध्ये. काम करणारा गवंडी पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे, त्यामुळे मीही तेच म्हणतो. बारीक अंगाचा, बोलायला कमी, पण ओळंब्याला पक्का. एकदा भिंत अर्ध्या बोटाने बाहेर गेली म्हणून त्याने स्वतःच रचलेले चार थर काढून टाकले. मजुरी गेली ती त्याचीच. जोतं भरताना त्याने हट्ट धरला की दीड फूट उंच घ्या. मी म्हटलं खर्च वाढेल. तो म्हणाला, "अंकल, पानी आएगा." आई त्याच्या बाजूने झाली, म्हणून ऐकलं.

जुलै 2018 मध्ये वसई तीन-चार दिवस पाण्याखाली होती. मिठागरांतली माणसं अडकली, रेल्वे बंद, वीज नाही. आमच्या आजूबाजूच्या घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे ते शेवटच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी छातीइतक्या पाण्यातून मिस्त्री आला. पैसे मागायला नव्हे, जोतं बघायला. हात फिरवून बघितलं, मान हलवली आणि गेला. आई त्याला "जेवून जा रे" म्हणत राहिली.

पुढे त्याने गावातच एक खोली भाड्याने घेतली, बायको आणि तीन वर्षांची मुलगी गावाकडून आणली. मुलगी आईला 'अम्मा' म्हणायची, बापाचं ऐकून.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तो नालासोपाऱ्याला एका साइटवर होता, बायको-मुलीला घेऊन तिथेच राहत होता. गावातली खोली कुलूपबंद. गावाने ठरवलं, बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही. तशी तेव्हा महाराष्ट्रातल्या शेकडो गावांनी वेस बंद केली होती. आम्हीही गावाच्या तोंडाशी, क्रूसाजवळ, आडवा बांबू बांधला आणि पाळ्या लावल्या. दोघा-तिघांची एक पाळी.

9 एप्रिल, पवित्र गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करण्याचा दिवस. एरवी त्या संध्याकाळी देवळात बारा जणांचे पाय धुतले जातात. त्या वर्षी देवळं बंद, पाय धुण्याचा विधी रोममध्येही झाला नाही. मी बांबूपाशी खुर्ची टाकून मोबाईलवर मिस्सा बघत होतो. कानात इअरफोन.

तेव्हा ते तिघं आले. मिस्त्री, डोक्यावर बोचकं घेतलेली त्याची बायको, आणि त्याच्या खांद्यावर झोपलेली मुलगी. ठेकेदार पैसे न देता गायब झाला होता, साइटवरचं धान्य संपलं होतं, म्हणून चालत आपल्या खोलीवर आले होते. महिन्याचं भाडं भरलेलं होतं.

माझ्याबरोबरचा एक मुलगा पुढे झाला. "नाम क्या है?" मिस्त्रीने नाव सांगितलं. मुसलमानी नाव. त्या दिवसांत दिल्लीच्या मरकजवरून टीव्हीवर दिवसभर काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. पण ती बातमी कुणी दिवसभर चालवली नाही.) मुलगा दोन पावलं मागे सरकला.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मास्क असला तरी मी कोण ते त्याला कळत होतंच. मी इअरफोन काढला आणि म्हणालो, "मिस्त्री, नियम है. कमिटी का नियम है. मैं अकेला क्या करूँ?"

तो काही बोलला नाही. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. क्रूसाच्या चौथऱ्यावर त्याने मुलीला जरा टेकवलं, बायकोने बाटलीतलं उरलेलं पाणी तिला पाजलं, आणि ते आले तसे परत गेले. मी मोबाईल पुन्हा सुरू केला. मिस्सा संपत आली होती.

मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, तो नियम वेडगळ होता असं मी आजही म्हणत नाही. गावात म्हातारी माणसं होती, माझी आई होती. रोग काय करेल कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांना आत न घेतासुद्धा करण्यासारखं खूप होतं. गावाबाहेरची शाळा रिकामी होती, किल्ली आमच्याच एका माणसाकडे होती. पाणी होतं, तांदूळ होते, चटई होती. फादरांना फोन करता आला असता. तेव्हा देवळातर्फे धान्याची पाकिटं वाटणं चालूच होतं, आणि त्यासाठी मी स्वतः पैसे दिले होते! यातलं काहीच सुचलं नाही असं नाही. सुचायच्या आत मी नियमामागे जाऊन उभा राहिलो.

गोष्टीतल्या याजकाचंही असंच झालं असणार. आपण त्याला दुष्ट ठरवतो. पण याजकाने प्रेताला शिवू नये असा नियम शास्त्रातच आहे, आणि रस्त्यात पडलेला माणूस मेलेला असू शकत होता. याजकाकडे कारण होतं. लेव्याकडेही असेल. कारण नसताना दुसऱ्या बाजूने जाणारी माणसं फार थोडी. बहुतेक जण व्यवस्थित कारण घेऊन जातात.

रात्री जेवताना आईला सांगितलं. न सांगता राहवेना. तिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "ज्याने घर बांधलं त्यालाच वेशीवरून परत पाठवलंस?" एवढंच. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. तिने उपासातच तांदूळ, डाळ, तेल आणि मुलीसाठी सुकेळी असं पिशवीत बांधलं आणि मला पाठवलं. मी नालासोपाऱ्याच्या साइटपर्यंत गेलो, पोलिसांना औषधाची चिठ्ठी दाखवत. तिथे कुणी नव्हतं. फोन बंद. पिशवी तिथल्या वॉचमनला दिली आणि आलो. आईला खोटं सांगितलं की भेटला.

पुढे मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी वसईच्या मैदानात हजारो माणसं उन्हात बसलेली पाहिली. तीही नजर चुकवतच पाहिली.

2021 च्या पावसाळ्यात एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. मिस्त्री. तो सुरतेला कामाला होता. मी आधी गडबडलो, मग माफी मागायला लागलो, वाक्य काही धड जमेना. त्याने मध्येच थांबवलं. "छोड़ो अंकल, उस टाइम सब डरे हुए थे. हम भी डरे थे." मग ज्या कामासाठी फोन केला होता ते विचारलं, "बारिश बहुत है ना उधर? छत तो नहीं टपक रहा? कोबा मैंने जल्दी में किया था, मन में रहता है."

मी म्हटलं, नाही, थेंबभरही नाही. आईला फोन दिला. ती बराच वेळ बोलली. बोलता बोलता तिला कळलंच असेल की एप्रिलमध्ये पिशवी पोहोचली नव्हती. मला तिने कधी विचारलं नाही.

म्हणून 2022 च्या जुलैत ती गोष्ट देवळात वाचली जाऊ लागली तेव्हा मला बसवत नव्हतं. आणि 2025 मध्ये मुलांनी हात वर केले तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं. येशूला विचारलेला प्रश्न होता 'माझा शेजारी कोण?' म्हणजे मी कुणाकुणावर दया करायची, यादी द्या. गोष्ट संपल्यावर येशू उलटा प्रश्न विचारतो: जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? प्रश्न विचारणारा यहुदी, आणि गोष्टीत रस्त्यावर पडलेलाही बहुधा यहुदीच. म्हणजे ऐकणाऱ्याने स्वतःला आधी त्या पडलेल्याच्या जागी बघायचंय. ज्याला आपण खिजगणतीत धरत नाही तो वाकून आपल्या जखमेला हात लावतोय, आणि तो हात आपल्याला चालवून घ्यायचाय. 'शोमरोनी' हा शब्द त्या पंडिताच्या तोंडून निघतसुद्धा नाही. 'ज्याने दया केली तो' एवढंच तो म्हणतो.

आम्ही ख्रिस्ती लोक 'परक्यांवर दया करा' असं सहज बोलतो. पण त्या वाक्यात आपण घराच्या आत आणि परका दाराबाहेर असं गृहीतच धरलेलं असतं. माझा अनुभव तसा नाही. 2005 मध्ये मला ओढून काढलं ते एका बाहेरच्याने. 2018 मध्ये माझं घर वाचलं ते एका बाहेरच्याच्या हट्टामुळे. आणि 2021 मध्ये मला क्षमा केली तीही त्यानेच. दया माझ्याकडून बाहेर कमी गेली, बाहेरून माझ्याकडेच जास्त आली. जुन्या करारात लेवीयच्या पुस्तकात परक्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, आणि तिचं कारण असं दिलं आहे की तुम्हीही मिसर देशात परके होता. तुम्ही मोठ्या मनाचे आहात म्हणून करा, असं नाही म्हटलेलं. आठवा आणि करा.

ज्यांनी हे खरोखर केलं त्यांच्याकडे बघितलं की आपलं वजन कळतं. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली, रस्त्याने वणवण फिरलेली मुलगी. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना आणलं आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. त्या मुली ना त्यांच्या जातीच्या, ना प्रांताच्या. रमाबाई आठवू शकल्या म्हणून करू शकल्या. पोप फ्रान्सिस हे इटलीतून अर्जेंटिनाला गेलेल्या स्थलांतरित वडिलांचे पुत्र. 2016 च्या पवित्र गुरुवारी त्यांनी रोमजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन पाय धुतले, त्यात मुसलमान होते, भारतातला एक हिंदूही होता. 2020 च्या ऑक्टोबरमधल्या त्यांच्या परिपत्रकात तर एक पूर्ण प्रकरण याच शोमरोनीवर आहे. मी ते वाचलं तेव्हा बांबू काढून चार-पाच महिने झाले होते.

आता मी काय करतो? फार काही नाही. गावातल्या बैठकीत 'बाहेरचे' हा शब्द आला की विचारतो, नेमकं कोण? बिल्डर की मजूर? लोकांना ते आवडत नाही. आमच्या चाळीतल्या भाडेकरूंची नावं मला पूर्वी ठाऊक नव्हती, आता आहेत. एवढ्याने 9 एप्रिलची संध्याकाळ पुसली जात नाही, आणि ती पुसली जावी असं मला वाटतही नाही. ती राहिली तरच पुढच्या वेळी इअरफोन जरा लवकर निघेल.

शोमरोनीची गोष्ट आता 2028 च्या जुलैत येईल. तेव्हाही पाऊस असेलच. मिस्त्रीचा फोन दर पावसाळ्यात येतो, प्रश्न तोच असतो. यंदा मी त्याला म्हटलं, एकदा येऊन स्वतःच बघून जा की. तो हसला, म्हणाला, "आएँगे अंकल, बेटी भी अम्मा को पूछती है."

छत अजून गळलेलं नाही.